कारण कोणी द्यायचं?

गोवंश हत्याबंदीवरून २०१५ साली महाराष्ट्रात जो वाद पेटला, तो एकाच वेळी तीन ठिकाणी चालला होता आणि तिन्ही ठिकाणच्या मंडळींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. गायीच्या कत्तलीला इथे १९७६ च्या कायद्यापासूनच बंदी होती. बैल आणि वळूंनाही ती लागू करणारी दुरुस्ती विधिमंडळाने १९९५ मध्ये मंजूर केली, पण तिला राष्ट्रपतींची संमती मिळायला वीस वर्षं गेली. ती मिळाली तेव्हा मुंबई-पुण्यातली माणसं म्हणू लागली की आमच्या ताटात काय असावं हे सरकारने ठरवू नये. मराठवाड्यात त्या सुमारास दुष्काळ होता. तिथला शेतकरी म्हणत होता, कडबा संपलाय, बैल थकलाय, बाजारात नेला तर कोणी दाव्याला हात लावत नाही, मग याला बांधून घालायचं काय? जुना बैल विकायचा, त्यात थोडी भर घालायची आणि नवा घ्यायचा, हे बैलाच्या शेतीचं साधं गणित होतं. ते एका अधिसूचनेने मोडलं. आणि उच्च न्यायालयात वकील भांडत होते ते ९-ब कलमावर. या कलमानुसार आपण कायदा मोडलेला नाही हे आरोपीनेच सिद्ध करायचं होतं.

मे २०१६ मध्ये निकाल लागला. बैलांची बंदी टिकली. परराज्यातून आणलेलं मांस बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम गेलं आणि ९-ब सुद्धा गेलं. ताटाची बाजू मांडणाऱ्यांना शेतकऱ्याचं गणित ठाऊक नव्हतं. शेतकऱ्यांच्या व्यासपीठावर ताटाचा विषय काढणं अडचणीचं होतं. ९-ब तर बहुधा दोघांनीही वाचलं नव्हतं.

आपल्याकडे उदारमतवाद असाच वाटून घेतलेला आहे. राजकारणातला म्हणजे निवडणुका, न्यायालयं, बोलण्याचं स्वातंत्र्य. अर्थकारणातला म्हणजे खुला बाजार. समाजातला म्हणजे कोणी कोणाशी लग्न करावं, काय खावं, देव मानावा की मानू नये. प्रत्येकाचे भक्त वेगळे. बाजार खुला करा म्हणणारे गृहस्थ मुलीने परजातीतल्या मुलाचं नाव काढलं की वर्षभर तिच्याशी बोलत नाहीत. प्रेमविवाहाच्या बाजूने हिरिरीने लिहिणारा पत्रकार कांदा साठ रुपयांवर गेला की सरकार झोपलंय का, असं विचारतो. माझं म्हणणं असं की हे तीन उदारमतवाद नाहीतच. प्रश्न एकच आहे. एखादा माणूस काही करू बघतो आणि दुसरा त्याला अडवतो, तेव्हा कारण कोणी द्यायचं? करणाऱ्याने की अडवणाऱ्याने? उदारमतवादी म्हणतो, अडवणाऱ्याने. शिवाय त्याने कोणाचं काय नुकसान होतंय ते दाखवायचं आणि ते टाळायला पुरेल तेवढंच अडवायचं. नदीत रसायन सोडणाऱ्या कारखान्याबाबत हे कारण एका मिनिटात देता येतं. बाकी पुष्कळ ठिकाणी ते देता येत नाही, म्हणून तर ते मागायचं.

राज्यघटनेच्या १९ व्या कलमाची बांधणी अशीच आहे. आधी स्वातंत्र्य, मग त्यावर ‘वाजवी’ निर्बंध घालण्याची सरकारला मुभा. वाजवी म्हणजे किती, हे ठरवायची पाळी लगेच आली. मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने १९४८ साली एक कायदा केला होता. शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत विड्या वळायच्या नाहीत, म्हणजे शेतीला मजूर मिळतील, असा त्याचा मतलब. सागर जिल्ह्यातला एक विडी कारखानदार आणि एक कामगार सर्वोच्च न्यायालयात गेले. चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश सरकार हा तो खटला. निकाल नोव्हेंबर १९५० चा. शेतीला माणसं मिळावीत हा हेतू न्यायालयाने मान्य केला. पण ज्यांना शेतात राबणं शक्यच नाही अशी म्हातारी, आजारी, अपंग माणसंही या हुकुमाने विड्या वळण्यापासून अडवली जात होती. त्यांच्या विड्या बंद करून शेतीला एकही मजूर मिळणार नव्हता. सरसकट बंदी वाजवी ठरत नाही, असं म्हणून न्यायालयाने तो कायदा रद्द केला. प्रजासत्ताकाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण घटना, धंदा आणि एखाद्या म्हातारीची रोजची मिळकत यांचा विचार त्यात एका दमात झाला आहे. पुढे आपण तो तुकड्या-तुकड्यांनी करू लागलो.

कांद्याकडे याच नजरेने बघा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आलं, म्हणजे त्याहून स्वस्तात कांदा बाहेर पाठवायचा नाही, आणि ७ डिसेंबरच्या अधिसूचनेने निर्यातच बंद झाली. लासलगावचे लिलाव थांबले, चांदवडला महामार्ग अडवला गेला. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, त्यामुळे शेतकरी भावाची वाट बघू शकतो. लाल कांद्याला ते आयुष्य नाही. काढला की विकावाच लागतो. म्हणजे घरात ठेवताच येत नाही असा माल दाराशी आला आणि त्याच वेळी बाहेरचं दार लावून घेतलं गेलं. बंदी चालू असतानाच एप्रिलमध्ये गुजरातेतला दोन हजार टन पांढरा कांदा बाहेर पाठवायला खास परवानगी मिळाली. नाशिककरांना शुल्कापेक्षा ही गोष्ट जास्त झोंबली, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. सरसकट बंदीमागोमाग खास परवानगी येतेच, आणि ती कोणाला मिळते हे ज्याच्या त्याच्या दिल्लीतल्या वजनावर ठरतं. ४ मे २०२४ ला, लोकसभेच्या मतदानाच्या धामधुमीत, बंदी उठली. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

यावर नेहमीचं उत्तर म्हणजे शहरातला गरीब. ते उत्तर खोटं नाही. रोजंदारीवरच्या बाईला महागडा कांदा परवडत नाही आणि तिच्यासाठी सरकारने काही करणं योग्यच आहे. पण तिच्या भाजीचा खर्च कोणी उचलायचा? सगळ्या करदात्यांनी मिळून की येवला-निफाडच्या तीन एकरवाल्याने एकट्याने? सरकारने बाजारभावाने कांदा घेऊन स्वस्तात विकला तर खर्च तिजोरीवर पडतो आणि तो अंदाजपत्रकात दिसतो. त्याबद्दल विचारता येतं. हा मार्ग सरकारला ठाऊक नव्हता असंही नाही. त्याच ऑगस्टमध्ये क्विंटलला २,४१० रुपयांनी दोन लाख टन कांदा घेण्याची घोषणा झाली होती. निर्यातबंदीत तोच खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जातो आणि कुठल्याही हिशेबात लिहिला जात नाही. १९९८ साली कांद्याने दिल्ली राज्यातलं सरकार घालवलं, ही आठवण सगळ्याच पक्षांनी जपून ठेवली आहे. भीती एवढी पक्की असली की कारण द्यायची गरज उरत नाही.

शेतकऱ्यांचे पुढारी या बाबतीत धुतल्या तांदळासारखे आहेत असं मात्र समजू नका. निर्यात खुली हवी, आयात बंद हवी आणि हमीभावाचा कायदाही हवा, अशा तिन्ही मागण्या एकाच निवेदनात आढळतात. साखरेत तर कारखानदारांनी सरकारी बंधनाचं कुंपण स्वतःच्याच शेताला करून घेतलं आहे. १९९१ च्या जुलैत अठरा उद्योग वगळून बाकीच्यांची परवाना पद्धत गेली. साखर त्या अठरात होती. तिचा परवाना १९९८ साली गेला. पण दोन कारखान्यांतल्या अंतराची अट राहिली. केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशात हे अंतर १५ किलोमीटर आहे, महाराष्ट्राने ते २५ केलं. साखर उद्योगाचा विचार करणाऱ्या रंगराजन समितीने २०१२ साली ही अट काढायला सांगितलं होतं. इथे अट कोणाच्या सोयीची आहे? ऊसवाल्याच्या तर नाहीच. त्याला पंचवीस किलोमीटरच्या आत दुसरं गिऱ्हाईक मिळू नये अशी ती तजवीज आहे. राज्यात गेल्या पन्नास वर्षांत ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांतले पुष्कळ लोक कुठल्या ना कुठल्या कारखान्याचे अध्यक्ष होते, एवढं सांगितलं की या अटीच्या दीर्घायुष्याचं कोडं सुटतं.

बारीकसारीक परवान्यांची यादी करत बसलो तर संपायची नाही. नाटक रंगमंचावर आणण्याआधी संहिता रंगभूमी प्रयोग परीनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. कादंबरीला असलं काही लागत नाही, पण तोच संवाद रंगमंचावर म्हणायचा झाला की लागतं. दारू पिण्यासाठीही परवाना लागतो. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही आहे, आणि परमिट रूममध्ये बसणाऱ्यांपैकी किती जणांच्या खिशात ते परमिट असतं हे विचारण्यात अर्थ नाही. कायदा कोणी पाळत नाही आणि कोणी काढतही नाही, कारण पोलिसाला हवा तेव्हा तो वापरता येतो.

इथवर अडवणारा सरकार होता. बाजारवादी उदारमतवादी इथेच थांबतात, आणि माझं त्यांच्याशी भांडण सुरू होतं. या देशात माणसाला सर्वांत जास्त अडवलंय ते त्याच्या घराने आणि जातीने. घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना बाबासाहेब आंबेडकरांनी गाव बाजूला सारून व्यक्ती हा एकक धरल्याबद्दल समाधान व्यक्त केलं. त्या वाक्यावर सभागृहात आणि बाहेरही पुष्कळ जण नाराज झाले. ज्या गावाने महाडच्या तळ्याचं पाणी अडवलं होतं त्या गावाला कारण विचारायचं तर मागे सरकार उभं लागतं, हे बाबासाहेबांना जेवढं ठाऊक होतं तेवढं त्या नाराज मंडळींपैकी कोणालाच नव्हतं. सरकार जितकं लहान तितकं स्वातंत्र्य मोठं, हे सूत्र इथे चालत नाही. कांद्याच्या लिलावातून सरकारने बाहेर पडावं आणि जातपंचायतीच्या बैठकीत मात्र शिरावं, असं मी म्हणतो, आणि दोन्ही वेळा एकाच तत्त्वाने म्हणतो.

मुंबई प्रांताने १९४९ साली वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण धार्मिक पंथाला आपले व्यवहार सांभाळण्याचा हक्क आहे. पंथाचा हक्क मानला गेला. ज्याला पंथाने बाहेर काढलं, ज्याच्या मयताला दफनभूमी मिळत नाही, त्याचं काय, हा प्रश्न मागे पडला. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. वाळीत टाकलेल्या कुटुंबाच्या दुकानात कोणी जायचं नाही, त्यांच्या लग्नाला, मर्तिकाला जायचं नाही, त्यांच्याशी बोललं तर दंड, असले पंचांचे हुकूम आता गुन्हा आहेत. कायदा झाला म्हणून पंच गप्प बसलेत असं नाही. पण वाळीत पडलेल्या माणसाला पोलीस ठाण्यात जाऊन कलम तरी दाखवता येतं. आणि या कायद्याचं श्रेय बऱ्याच अंशी अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचं आहे. बाजारस्वातंत्र्याची भाषा बोलणारं त्या मोर्चांत फारसं कोणी नव्हतं.

कधीकधी सरकार आणि घर हातात हात घालून अडवतात. १९५४ चा विशेष विवाह कायदा त्यासाठी बघावा. जात-धर्म न बघता लग्न करता यावं म्हणून तो झाला. दोघांनी नोटीस द्यायची. तिच्या नमुन्यात दोघांचं नाव, वय, धंदा, राहण्याचा पत्ता, कायमचा पत्ता भरायचा. ती कार्यालयात ठळक जागी लावली जाते आणि तीस दिवसांत कोणीही हरकत घेऊ शकतो. कोणीही म्हणजे खरंच कोणीही. हरकतीची कायदेशीर कारणं मोजकीच आहेत: आधीचं लग्न, वय, मानसिक अवस्था, निषिद्ध नातं. पण हरकत मान्य व्हावी ही कोणाची अपेक्षाच नसते. पत्ता कळला की काम झालं. त्याच धर्मातली, पण वेगळ्या जातीची जोडपी म्हणूनच आळंदी गाठतात. तिथे मंगल कार्यालयात एका दिवसात लग्न लागतं, कारण हिंदू विवाह कायद्यात नोटीस नाही. दोन धर्मांतल्या जोडप्यापुढे दोनच वाटा उरतात: महिनाभर भिंतीवर टांगून घ्यायचं किंवा एकाने धर्म बदलायचा. दुसरी वाट धरली की लग्नासाठी धर्मांतर म्हणून ओरड होते. ओरडणाऱ्यांतल्या एकानेही नोटिशीची अट काढा असं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोडली. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये अशा विवाहांची माहिती गोळा करणारी समन्वय समिती नेमली. पहिल्या आदेशात आंतरजातीय विवाहही होते. टीका झाली तेव्हा जात वगळली, धर्म ठेवला. सज्ञान माणसांच्या लग्नाची माहिती सरकारला कशाला हवी, याचं उत्तर तेव्हाही पटण्यासारखं मिळालं नाही.

हे तुकडे पडले कधी? माझ्या मते पुण्यात, १८९५ साली. त्याच्या आधी मुंबईत रखमाबाईंचा खटला झाला होता. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या या बाईने नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. पहिल्या न्यायाधीशाने तिच्यावर सक्ती करायचं नाकारलं. अपिलानंतर १८८७ साली हुकूम झाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली आणि ती इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आली. या बाईविरुद्ध ‘केसरी’ने लेखणी चालवली. १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा करताना टिळकपक्षाचा मुख्य मुद्दा होता की परक्या सरकारने आमच्या घरात शिरू नये. मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. पण ज्या घराचं स्वातंत्र्य मागितलं जात होतं त्या घरातल्या दहा वर्षांच्या मुलीला कोणी विचारलं नव्हतं. मग १८९५ च्या पुणे काँग्रेसच्या वेळी समाजसुधारणेसाठी भरणाऱ्या सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मांडव मिळू नये म्हणून गदारोळ झाला आणि न्यायमूर्ती रानड्यांनी परिषद दुसरीकडे नेली. राजकीय स्वातंत्र्य एका मांडवात, सामाजिक दुसऱ्यात. समाजसुधारणेचा आग्रह धरणारे आगरकर त्याच वर्षी गेले. रानड्यांनी नमतं घेतलं ते सौजन्याने, पण त्या सौजन्याची किंमत मोठी होती. त्यांच्यातला हा मऊपणा घरातही होता. पहिली पत्नी वारल्यावर विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्याने वडिलांच्या शब्दाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं होतं.

मात्र तो जुना मराठी उदारमतवाद सरकारला घाबरणारा नव्हता, हे आजच्या बाजारवाद्यांनी वाचायला हवं. रानडे १८९२ साली डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात म्हणाले की विलायतेतलं अर्थशास्त्र जसंच्या तसं इथे लागू पडत नाही. सरकारने उद्योग उभे करायला हातभार लावला पाहिजे. गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं आणि ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. मुलाला शाळेत पाठवायची सक्ती म्हणजे बापाच्या स्वातंत्र्यावर घाला, असं कोणाला वाटू शकतं. गोखल्यांना तसं वाटलं नाही, कारण मूल हीसुद्धा स्वतंत्र व्यक्ती आहे.

नंतरच्या काळात तिन्ही तुकडे जोडायचा प्रयत्न शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी केला, असं मला वाटतं. चाकणचं कांदा आंदोलन सगळ्यांना आठवतं. १९८६ साली चांदवडला त्यांनी शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली, हे कमी आठवतं. कर्जमुक्ती मागणारा शेतकरी घरातल्या लक्ष्मीचं देणं आधी फेडो, असा तो युक्तिवाद होता. त्यांचं सगळंच मला पटत नाही. महिला आरक्षण विधेयकावर मार्च २०१० मध्ये राज्यसभेत १८६ विरुद्ध १ असं मतदान झालं. तो एक ते होते. तरी स्वातंत्र्याचा हिशेब बाजार समितीपासून सातबाऱ्यावरच्या बायकोच्या नावापर्यंत एकाच वहीत मांडणारा त्यांच्या तोडीचा दुसरा माणूस गेल्या पन्नास वर्षांत मला महाराष्ट्रात दिसत नाही.

राज्यसभेत असताना त्यांनी एक खासगी विधेयकही आणलं होतं. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९८९ पासून २९-अ कलम आहे. पक्षाची नोंदणी करायची तर त्याच्या घटनेत समाजवादाच्या तत्त्वावर निष्ठा असल्याचं लिहावं लागतं. जोशींना तो शब्द काढायचा होता. तो निघाला नाही. पाळत कोणीच नाही, उद्योगपतींचे लाडके पक्षही बिनदिक्कत ते लिहून मोकळे होतात, त्यामुळे यात एवढं काय, असं विचारता येईल. पण १९६७ साली लोकसभेत ४४ जागा मिळवून सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरलेल्या, खुल्या बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या स्वतंत्र पक्षाला आज नव्याने नोंदणी करायची झाली तर आपल्या घटनेत आधी ते कलम घालावं लागेल. त्या पक्षाचे नेते राजाजी किंवा मिनू मसानी यांनी अशा कागदावर सही केली असती असं मला वाटत नाही.